रानात एकट्याने पळणं : धोका फक्त पळणाऱ्यालाच असतो का?

वाटाड्या :
'रानात एकटेच पळा' या पोस्टखाली लिहायला बसलो आणि लांबलं, म्हणून वेगळा धागा. पोस्टचं म्हणणं असं : जंगली जनावर माणसाला टाळतं, हल्ले दुर्मीळ, तेव्हा पहाटे निघा, एका कानात गाणी चालतील, सोबतीसाठी अडून बसू नका.
टाळतं हे खरं, पण चाहूल लागली तर! चालणारा बोलतो, खाकरतो. पळणारा वळणावरून थेट अंगावर येतो. 2016 मध्ये अमेरिकेत ग्लेशियर नॅशनल पार्कजवळ एक सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझली अस्वलावर आदळला आणि जिवाला मुकला. पळणाऱ्याचा वेग कमी असेल, पण धोका त्याच जातीचा. आणि पहाट ही तर जनावरांच्या फिरण्याची वेळ. नवशिके अशा पोस्टी वाचून बाहेर पडतात, म्हणून राग येतो.

पहाटधाव :
पोस्ट माझी आहे, तेव्हा उत्तरही मीच देतो. माझ्या कामाच्या वेळा विचित्र आहेत, रोज सोबती कुठून आणू? 2020 मध्ये अमेरिकेतल्या युटात एका पळणाऱ्याच्या मागे पिल्लांची आई असलेली पुमा (तिकडचं बिबट्यासारखं मोठं रानमांजर) लागली. तो एकटाच होता. पाठ न दाखवता, ओरडत, सुमारे सहा मिनिटं मागे मागे सरकत राहिला. शेवटी दगड भिरकावला तेव्हा ती गेली. डोकं शाबूत ठेवलं की एकटा पुरतो. उलट 2017 मध्ये अलास्कात डोंगरी शर्यत चालू असताना 16 वर्षांच्या मुलाला काळ्या अस्वलाने मारलं. तिथे तर स्पर्धक होते ना?

वस्तुनिष्ठ :
स्पर्धक होते, त्याच्याजवळ नव्हते. त्याला सोबत म्हणत नाहीत. कॅनडातल्या बॅन्फ नॅशनल पार्कमध्ये मोरेन लेकजवळच्या काही वाटांवर अस्वलांचा वावर वाढला की चारजणांच्या घट्ट गटाशिवाय जायला बंदी करतात. ती हौस म्हणून नाही.

मेघधारा :
'सोबत घ्या' हे सांगणं सोपं आहे. रस्त्यावर पळताना गाडी हळू करून मागे येणारे मी सोसलेत, म्हणून रानवाट धरली. मला अस्वलापेक्षा माणसाची धास्ती जास्त आहे. याचं उत्तर इथल्या एकाही पुरुषाकडे नाही.

वाटाड्या :
ताई, नाही माझ्याकडे. पण म्हणून अस्वल कमी धोक्याचं होत नाही.

रानवेडी :
सगळे माणसाच्याच जिवाचं बोलताय. 2023 च्या एप्रिलमध्ये इटलीतल्या ट्रेंटिनोत 26 वर्षांचा तरुण एकटा पळताना जेजे-4 या अस्वलीच्या हल्ल्यात गेला. तिला पिल्लं होती. तिला पकडून पिंजऱ्यात घातलं, मारायचा हुकूम निघाला, कोर्टकचेऱ्या झाल्या. पळणारा आपल्या मर्जीने जातो, जनावराला कोण विचारतं?

काळाकातळ :
मर्जीने? तो आपल्याच गावावरच्या रानात पळत होता! तिथली अस्वलं जवळपास संपली होती. 1999 ते 2002 दरम्यान स्लोव्हेनियातून 10 अस्वलं आणून सोडली. त्याच अस्वलीने 2020 मध्ये बापलेकांना जखमी केलं होतं. तेव्हाही मारायचा हुकूम निघाला आणि कोर्टाने थांबवला. गावच्या पोराने काय करायचं, घरात बसायचं? मी डोंगरातच वाढलोय. दारापर्यंत बिबट्या येणं म्हणजे काय, ते लांबून अस्वलांवर प्रेम करणाऱ्यांना कळणार नाही.

रानवेडी :
लांबून नाही. मी जखमी जनावरांची शुश्रूषा करते. पिंजऱ्याच्या गजांवर दात घासून तोंड रक्ताळलेली मादी पाहिली आहे. तुमच्या दारातला बिबट्या कुठल्या वाटेने येतो, ती वाट कुणी अडवली, तेही लिहा.

काळाकातळ :
मेलेल्या पोराच्या आईसमोर हे बोलून दाखवा.

वाटाड्या :
दोघंही थांबा. अस्वलं सोडली हे योग्य की अयोग्य, यावर स्वतंत्र धागा काढा. मात्र रानवेडींचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतोय : आपण वाचलो तरी हकनाक जनावर मरू शकतं. 2019 मध्ये कोलोरॅडोत एकट्या पळणाऱ्यावर पुमाने झडप घातली. जीव वाचवायला त्याने तिला गुदमरवून मारलं. नंतर कळलं, ते वयात न आलेलं पिल्लू होतं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

पहाटधाव :
ठीक. गाण्यांचं वाक्य काढतो. 'बेअर स्प्रे (अस्वलाला पळवायचा झोंबरा फवारा) न्या' घालतो.

वस्तुनिष्ठ :
'पिशवीत नाही, हाताशी' असं घाला. तो काही मीटरच पोचतो. चेन उघडेपर्यंत अस्वल येऊन ठेपतं.

पहाटधाव :
घालतो. एकट्याने पळू नका असं मात्र लिहिणार नाही.

रानवेडी :
पिल्लांच्या दिवसांत वाट बंद ठेवली तर पाळाल?

पहाटधाव :
पाटी असेल तर पाळेन.

मेघधारा :
मीही पाळेन. मग त्या दिवसांत मी कुठे पळायचं, ते कुणीतरी सांगा.