अंधारात न चमकणाऱ्या जुन्या घड्याळात रेडियम असू शकते का?

दोलक : आजोबांचे चावीचे स्विस मनगटी घड्याळ कपाटात सापडले. ते १९५० च्या दशकातले आहे. तबकडीवर सहाच्या आकड्याखाली फक्त ‘स्विस मेड’ लिहिलेले आहे, आकड्यांवरचा लेप तपकिरी झाला आहे आणि तासकाट्यातला लेप तडकलेला आहे. ते अंधारात मुळीच चमकत नाही. त्यामुळे त्या लेपातले रेडियम (किरणोत्सर्गी धातू) केव्हाच संपले, असे आमच्या घड्याळजींचे म्हणणे असून ते सफाई करून देण्यास तयार आहेत. हे बरोबर आहे का?

जस्तगंध : सफाई आधी थांबवावी. रेडियम-२२६ चे अर्धायुष्य (निम्मे उरायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षे असल्यामुळे सत्तर वर्षांत शंभरातले जेमतेम तीन भाग घटतात. निकामी झाले आहे ते त्यात मिसळलेले झिंक सल्फाइड, कारण प्रकाश तेच देत होते आणि रेडियममधून सुटणाऱ्या अल्फा कणांचा सततचा मारा खाऊन ते काही दशकांत थकते. साधारण १९६० नंतर रेडियमची जागा ट्रिटियमने (किरणोत्सर्गी हायड्रोजनने) घेतली आणि तबकडीवर ‘टी स्विस टी’ अशी खूण येऊ लागली. ट्रिटियमचे अर्धायुष्य १२.३ वर्षे आहे. साठ वर्षांनी त्याचेच शंभरातले तीन-चार भाग उरतात.

जुनी तबकडी : मात्र खुणेवर विसंबू नये. मुंबईच्या बाजारात पुन्हा रंगवलेल्या तबकड्या सर्रास मिळतात आणि रंगवणारा हवी ती अक्षरे काढतो. काटे मात्र पुष्कळदा मूळचेच राहतात. काट्यांतला आणि आकड्यांवरचा लेप सारखाच जुना दिसतो का, ते भिंगातून पाहावे. घड्याळ वर्षानुवर्षे बंद पडून राहिले असेल, तर काट्यांखाली तबकडीवर करपल्यासारखी त्यांची सावली उमटलेली असते. ती रेडियमची बोलकी खूण आहे. (आपल्याकडे गाडीच्या नंबरपाटीवरच्या चमकत्या स्टिकरलाही ‘रेडियम’च म्हणतात, त्यामुळे दुकानदाराच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नये.)

काउंटरवाला : निर्णायक कसोटी गायगर काउंटरचीच (किरणोत्सर्ग टिकटिक करून मोजणारे यंत्र). ट्रिटियमचे बीटा कण इतके क्षीण असतात की ते काच ओलांडत नाहीत आणि यंत्र गप्प राहते. रेडियम व त्यापासून बनणारी द्रव्ये गॅमा किरणही देतात, त्यामुळे मागच्या पोलादी झाकणातूनही नोंद होते. अतिनील टॉर्चखाली लेप उजळून टॉर्च हटताच विझला, तर तो जुना आहे एवढेच कळते. रेडियम की ट्रिटियम, हे त्यावरून ठरत नाही.

दोलक : एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत पाहून आलो. रिकाम्या टेबलावर मिनिटाला पंचवीस-तीस टिकटिक होत होती. काचेवर काउंटरची नळी धरताच ती मोजता येईना. घड्याळ पालथे केल्यावर आवाज कमी झाला, पण थांबला नाही. आता ते वापरावे की नाही?

जस्तगंध : म्हणजे रेडियमच आहे. माझ्या मते रोज मनगटावर बांधू नये. खरा धोका तडकलेल्या लेपाच्या भुकटीचा आहे : न्यू जर्सीतील ऑरेंज येथे १९२० च्या सुमारास तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवत, आणि पोटात गेलेले रेडियम कॅल्शियमसारखे त्यांच्या हाडांत जाऊन बसले. म्हणून झाकण उघडू नये, लेप खरवडू नये आणि घड्याळजींनाही स्पष्ट कल्पना द्यावी. रेडियमपासून रेडॉन वायू सतत सुटत असतो, तेव्हा घड्याळ उशाच्या खणात न ठेवता हवा खेळत्या खोलीत, मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे.