मदत हवी आहे : अँबियंट पोस्ट-रॉकमध्ये गाता आवाज घालावा का?

नमस्कार मंडळी. आम्ही मालवणचे तिघे, दोन गिटार आणि ड्रम्स. अँबियंट पोस्ट-रॉक, म्हणजे गिटार-ड्रम्सवर हळूहळू वातावरण उभं करणारं, बहुधा शब्दांविना संगीत, आम्ही वाजवतो. ११ मिनिटांची एक रचना तयार आहे, पूर्णपणे शब्दांविना. सुरुवातीला देवबागला पहाटे रेकॉर्ड केलेली समुद्राची गाज, त्यावर डिले (सूर पुन्हा पुन्हा उमटवणारा इफेक्ट) लावलेली गिटार हळूहळू चढत जाते आणि सातव्या मिनिटाला सगळं एकदम फुटतं.

परवा ड्रमरच्या आजीनं तांदूळ पाखडता पाखडता एक ओवी म्हटली, ती मी फोनवर टिपली. सुपाचा सळसळता आवाजही त्यात आलाय. सातव्या मिनिटाच्या जरा आधी ती लावून ऐकली आणि अंगावर काटा आला. दुसरा गिटारवाला मात्र म्हणतो, शब्द आले की ऐकणारा अर्थामागे जातो आणि समुद्र नुसता मागे उरतो. त्याचं म्हणणं खोटं नाही.

आइसलँडच्या सिगुर रोस या बँडनं २००२ च्या अल्बममध्ये अर्थ नसलेल्या, स्वतः घडवलेल्या भाषेत गाऊन यातून वाट काढली. तिथे गळा हेच वाद्य झालं. पण आजीच्या ओवीतले शब्द पुसट करायला माझं मन धजत नाही.

तुम्ही असं संगीत डोळे मिटून ऐकता तेव्हा मध्येच ओळखीच्या भाषेतला आवाज आला तर तंद्री मोडते का? आणि मिक्सिंग करणाऱ्यांनो, १ ते ४ किलोहर्ट्झच्या ध्वनिपट्ट्यात गिटार आणि आजीचा आवाज एकमेकांवर चढतायत. तिथे गिटारचा तेवढा पट्टा कमी करू, की आजीच्या आवाजाला रिव्हर्ब (घुमारा) देऊन मागे नेऊ? ओवी वापरायला आजीनं आनंदानं होकार दिलाय.