अनुभव धागा: पडद्यावर भेटलेले फ्रेंच अभिजात साहित्य

एकोणिसाव्या शतकातील बहुतेक फ्रेंच कादंबऱ्या आता मोफत ई-पुस्तकांच्या रूपात मिळतात, त्यामुळे ‘मिळते कुठे’ हा प्रश्न फारसा उरलेला नाही. आपण काय वाचले, कोणाच्या अनुवादात वाचले आणि वाचताना कुठे अडखळलात, हे मात्र प्रत्येकाने सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. अनुवादाविषयी मुद्दाम विचारते आहे. त्याचे कारण माझ्याच अनुभवात आहे.

मी फ्लोबेरची ‘मादाम बोव्हारी’ कल्याण-दादर लोकलमध्ये मोबाइलवर वाचली. ई-पुस्तक उघडले की बऱ्याचदा थेट पहिले प्रकरण समोर येते आणि शीर्षकपान, अनुवादकाचे नाव हे सारे मागेच राहून जाते. निम्मी कादंबरी संपल्यावर सहज मागे गेले, तेव्हा कळले की हा इंग्रजी अनुवाद १८८६ सालचा असून तो कार्ल मार्क्स यांची कन्या एलिनॉर हिने केलेला आहे. वर्गात नव्याने आलेला शार्ल आपले नाव सांगताना गोंधळून ‘शारबोव्हारी’ असे एका दमात ओरडतो आणि सगळा वर्ग त्याची टर उडवतो, तिथे मी भर गर्दीत हसले होते. तो प्रसंग सांगणारे ‘आम्ही’ पुढे कादंबरीतून गुपचूप नाहीसे होतात, हे दुसऱ्या वाचनात लक्षात आले.

*

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर ‘ले मिझेराब्ल’सारखा ठोकळा हातात धरून वाचणे मला जमणारे नव्हते. मुलीने टॅबलेटवर अक्षर इतके मोठे करून दिले की एका पानात जेमतेम दहा ओळी मावत. ह्यूगो नायकाला लवकर आणतच नाहीत. आधी दिन्यच्या बिशपांची साधी राहणी येते आणि तिच्यात त्यांचा जमाखर्चही येतो. उत्पन्न १५,००० फ्रँक आणि स्वतःसाठी फक्त १,०००, बाकी सारे शाळामास्तर, कैदी आणि गोरगरीब यांना. आयुष्य बँकेत काढल्यामुळे मला राहवले नाही. कागद घेऊन मी एकेक रक्कम मांडली आणि बेरीज बरोबर १५,००० आली. लेखकाविषयीचा माझा विश्वास तिथे बसला.

वॉटर्लूच्या लढाईची लांबलचक प्रकरणे मात्र मी ओलांडली. पुढे थेनार्दिए या माणसाचे कादंबरीतल्या मारियुस या तरुणाच्या वडिलांवर काय उपकार आहेत ते कळेना, म्हणून ते नाव शोधचौकटीत टाकले आणि थेट रणांगणावर जाऊन पोहोचलो. हा गृहस्थ तिथे मुडद्यांचे खिसे चाचपीत हिंडत होता! टाळलेली सगळी प्रकरणे मग मुकाट्याने वाचली.

*

माझी तक्रार जुन्या अनुवादांविषयी आहे आणि ती थोडी लांबेल. भा. रा. भागवतांच्या मराठी अनुवादांमुळे ज्यूल्स व्हर्न लहानपणीच ओळखीचे झाले होते. चाळिशीत त्यांची ‘गूढ बेट’ ही कादंबरी इंग्रजी ई-पुस्तकात वाचायला घेतली. व्हर्न यांचा पाणबुडीवाला कॅप्टन निमो हा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार असून १८५७ च्या उठावात तो लढला होता, हे रहस्य या कादंबरीत उलगडते. मी त्या पानाची वाट पाहत होतो. प्रत्यक्षात तिथे वाचायला मिळाले ते असे की, इंग्रजांनी हिंदुस्थानाला अराजकातून बाहेर काढून शांतता आणि भरभराट दिली होती, आणि महत्त्वाकांक्षी राजेरजवाड्यांनी प्रजेला चिथावले. व्हर्नसारख्या फ्रेंच माणसाला इंग्रजांचा इतका पुळका का असावा, हे कोडे सुटेना.

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ‘गॅलिका’ हा डिजिटल संग्रह १९९७ पासून सर्वांना खुला आहे. त्यावर मूळ फ्रेंच पुस्तक शोधले आणि शब्दकोश शेजारी ठेवून तिसऱ्या भागाचे सोळावे प्रकरण ओळीओळीने लावले. प्रकरणाच्या मथळ्यातच ‘स्वातंत्र्याच्या एका वीराची कहाणी’ असे शब्द होते. डक्कार हा उठावाचा आत्मा होता, त्याने आपली संपत्ती त्यात ओतली, वीस चकमकींत तो दहादा जखमी झाला आणि स्वातंत्र्याचे शेवटचे सैनिक इंग्रजांच्या गोळ्यांनी पडले तरी त्याला मरण आले नाही, असा तो मजकूर आहे. शांतता आणि भरभराट १८७५ च्या लंडनच्या अनुवादात घुसडलेली होती. मोफत मिळणारी बहुतेक इंग्रजी ई-पुस्तके हक्कमुक्त, म्हणजेच जुन्या अनुवादांची असतात, आणि व्हिक्टोरियन अनुवादकाला जे खटकले ते त्याने बिनदिक्कत बदललेले असू शकते. झोला यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद छापल्याबद्दल हेन्री व्हिझेटेली या प्रकाशकाला १८८९ मध्ये इंग्लंडमध्ये तुरुंगवास झाला होता. त्या काळातले अनुवाद जपून, सोवळे करून का लिहिले गेले, ते यावरून कळते.

*

मी पुण्यात फ्रेंच शिकते. वर्गात शिकवलेला भूतकाळ जुन्या कादंबरीत जवळजवळ सापडतच नाही, कारण कथनासाठी तिथे एक निराळाच साहित्यिक भूतकाळ वापरतात. मोपासां यांच्या एका कथेत ‘व्ही’ या क्रियापदावर बोट ठेवले, तेव्हा वाचनयंत्रातल्या शब्दकोशाने ‘जगतो’ असा अर्थ दिला, आणि ‘तो एक बाई जगतो’ असे अचाट वाक्य तयार झाले. ते ‘पाहणे’ या क्रियापदाचे भूतकाळी रूप आहे, हे शोधण्यात संध्याकाळ गेली. आता अशा रूपांची वही केली आहे. ९० रूपे झाली आहेत आणि मोपासां यांचीच ‘ला पारूर’ ही कथा शब्दकोशाशिवाय वाचता आली.

*

माझा अनुभव अगदी छोटा आहे. मोलिएरचे ‘लाव्हार’ हे १६६८ सालचे नाटक लिओंला राहायला आल्यावर फोनवर वाचले. पाचव्या अंकात कंजूष आर्पागों आपल्या पैशांच्या पेटीविषयी बोलत असतो, समोरचा तरुण मात्र त्याच्या मुलीविषयी, आणि दोघांनाही वाटते की विषय एकच आहे. वाचता वाचता मला आजोबा आठवले, कारण अत्र्यांचे ‘कवडीचुंबक’ याच नाटकावरून घेतलेले आहे आणि त्यातले संवाद ते जेवताना म्हणून दाखवीत. त्या रात्री आईला फोन करून विचारले की, माळ्यावरच्या ट्रंकेत त्यांची प्रत अजून आहे का. तिने पुढच्या रविवारी ट्रंक उतरवली. वाळवीने कडा खाल्ल्या आहेत, पण पाचवा अंक शाबूत आहे.