मदत हवी आहे : भाच्याला पाणबुडी बांधायचीय, टाकी मी वेल्ड करून देऊ का?

पॅनवाला मामा

नमस्कार मंडळी. सोलापूरला चिंचोळी एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. कामं बहुतेक साखर कारखान्यांची. पॅन (हवा काढून साखरेचा पाक आटवायची बंद कढई), इव्हॅपोरेटर (रस आटवायचं भांडं), मळीच्या टाक्या आणि सीझन सुरू व्हायच्या आधीची मारामारी.

बहिणीचा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याच्या डोक्यात दोन माणसं बसतील अशी पाणबुडी बांधायचं खूळ शिरलंय. नुसतं खूळ असतं तर मी सोडून दिलं असतं, पण पोरगं अभ्यास करून आलंय. अमेरिकेतल्या जॉर्ज किट्रेज यांच्या के-३५० या छोट्या पाणबुडीचे नकाशे घेऊन लोकांनी घरी पाणबुड्या बांधल्या, त्यातला ३५० आकडा म्हणजे फुटांतली खोली, हे त्यानेच मला सांगितलं. याला एवढं खोल जायचंच नाही. उजनी धरणात १५ मीटर, बस्स.

त्याचा आराखडा असा: व्यास १२०० मिमी, सरळ भाग ३ मीटर, ६ मिमी एमएस (साध्या लोखंडाची) प्लेट, दोन्हीकडे डिश एंड (बशीसारखी फुगीर टोकं), वर ५५ सेंमीचं झाकण, पुढे अ‍ॅक्रिलिकची खिडकी. आत ट्रकच्या बॅटऱ्या आणि एक ऑक्सिजनचा सिलिंडर. पैसे वाचवायला भंगारातली जुनी गॅसची टाकी घेऊ म्हणतो. म्हणे, "ती १५-२० किलो (चौरस सेंमीला) प्रेशर झेलते मामा, आपल्याला दीडच झेलायचंय."

इथेच माझी पाल चुकचुकली. आतलं प्रेशर आणि बाहेरचं प्रेशर यांत फरक आहे हे पॅन बनवणाऱ्याला सांगावं लागत नाही. पॅन २५-२६ इंच व्हॅक्यूमवर चालतो, म्हणजे बाहेरून पाऊण किलोच्या वर, जवळजवळ ९ मीटर पाण्याइतका दाब. तेवढं काम मी रोज करतो. पण पॅनमध्ये माणूस बसत नाही.

प्रश्न सरळ आहे. मी नाही म्हटलं तर हा दुसऱ्या कुणाकडून तरी करून घेणार, आणि तो दुसरा गोलाईसुद्धा तपासणार नाही. हो म्हणायचं तर कशाकशाची खात्री केल्यावर म्हणायचं? "टायटॅनिक बघायला गेलेली टायटन पाणबुडी फुटली ना रे," म्हटलं तर उत्तर तयार असतं: "ती कार्बन फायबरची होती, आपली लोखंडाची."

चादरवाला

काय बे मामा, उजनीपर्यंत कशाला जाता? सिद्धेश्वर तलावात सोडा, गड्ड्याच्या जत्रेत तिकीट लावू. पहिलं तिकीट माझं. (बसणार नाही, काठावरून बघणार.)

गोदीकर

मामा, मी गोदीत जहाजांचे हल (बाहेरचं कवच) आणि प्रेशर व्हेसल (दाबाच्या टाक्या) यांची तपासणी करायचो, आता निवृत्त आहे. तुमची पाल बरोबर चुकचुकली.

आधी आकडे बघू. तुमच्या ६ मिमीच्या टाकीत लोखंडाची ताकद संपायला हिशोबाने २५ किलो प्रेशर लागेल, म्हणजे २५० मीटर. भाचा हाच आकडा बघून खूश असणार. पण बाहेरच्या दाबाखाली टाकी ताकद संपून जात नाही, आकार सोडून चेपते. तसा हिशोब केला तर दोन डिशांच्या मध्ये ३ मीटर मोकळी टाकी, तीही अगदी गोल धरली, तरी सुमारे ३८ मीटरवर चेपते. टाकी लांबच लांब असती तर साडेपाच-सहा मीटरवरच. आतून दर ४० सेंमीला रिंग मारली की कागदावर तोच आकडा ३०० च्या घरात जातो, आणि मग चेपण्याआधी लोखंडच हार मानतं. एवढा फरक फक्त रिंगांचा.

आता हे सगळे आकडे टाकी अचूक गोल असेल तरच. गोलाई थोडी बिघडली, एका जागी प्लेट सपाट बसली, वेल्डने ओढ घेतली, की ३८ चे किती उरतील हे सांगणारा मी तरी कोणी नाही. भंगारातल्या टाकीला पोच आलेला असतो, आतून गंज असतो, आणि गॅसच्या जुन्या टाकीला कटर लावणं हा वेगळाच जीवघेणा प्रकार. तो विषय बंद करा.

आणखी एक गंमत. ही टाकी पाणी किती सारते? सरळ भाग आणि डिश मिळून ३.८ घनमीटर, म्हणजे ३.८ टन. ६ मिमीचं लोखंड भरतं जेमतेम ७०० किलो. बाकीचे तीन टन माणसं, बॅटऱ्या आणि शिसं घालून भरायचेच आहेत, नाहीतर ती बुडणारच नाही. मग प्लेट बारीक ठेवून वाचवलं काय? १२ मिमी घ्या. वजन आणखी ७०० किलोने वाढेल, तेवढं शिसं कमी लागेल, आणि चेपण्याची खोली साडेपाच पटीने वाढते. फक्त शिसं तळाशीच राहील हे बघा. गुरुत्वमध्य वर सरकला तर पाण्याखाली ती कलंडेल.

टायटनबद्दल. १८ जून २०२३ ला टायटॅनिककडे उतरताना ती फुटली, पाच जण गेले. कार्बन फायबर हे कारण होतंच. पण त्यांनी कुठल्याही वर्गीकरण संस्थेकडून (जहाजं तपासून प्रमाणपत्र देणारी संस्था) ती तपासून घेतली नव्हती, आणि हे कारण लोखंडालाही तेवढंच लागू आहे. डिझाइन ज्याचं, तपासणीही त्याचीच, असं चालत नाही. भाच्याचा हिशोब कॉलेजातल्या प्राध्यापकाकडून आणि एका बाहेरच्या चार्टर्ड इंजिनिअरकडून तपासून घ्या, वेल्डचा एक्सरे काढा.

आणि कोरड्या जिल्ह्यात पाणबुडी कशाला, असं कुणी म्हणालं तर त्याला वालचंद हिराचंद सोलापुरातच जन्मले होते आणि विशाखापट्टणमची गोदी त्यांनीच उभी केली, एवढं सांगा.

भूल-भुलैया

मी भूलतज्ज्ञ, सोलापुरातच. लोखंडाचं मला काही कळत नाही, पण 'एक ऑक्सिजनचा सिलिंडर' वाचून राहवलं नाही.

बंद जागेत ऑक्सिजनची चिंता सगळे करतात. त्रास आधी देतो तो कार्बन डायऑक्साइड. शांत बसलेला माणूस तासाला साधारण २० लिटर सोडतो. दोघे म्हणजे ४०. सामान आणि माणसांची जागा वजा जाता आत पावणेतीन घनमीटर हवा धरा. तासाला जवळजवळ दीड टक्का वाढतो. दोन तासांत ३ टक्के: डोकं दुखतं, धाप लागते, आणि घाबरलेला माणूस तो आणखी जोरात सोडतो. सिलिंडर उघडल्याने यातला एक लिटरही कमी होत नाही.

उपाय आमच्या भुलेच्या मशीनमध्ये असतो तोच, सोडा लाइम, म्हणजे कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे. सर्जिकल दुकानात मिळतो. पण त्यातून हवा फिरवणारा पंखा हवा, आणि दाण्यांच्या रंगावर विसंबू नका. वापरून संपलेले दाणे थोडा वेळ पडून राहिले की पुन्हा पांढरे दिसतात. दोन वेगळे मीटर ठेवा, एक कार्बन डायऑक्साइडचा, एक ऑक्सिजनचा. दुसरा यासाठी की सिलिंडर गळून ऑक्सिजन २३-२४ टक्क्यांवर गेला तर साधी ठिणगीही कपड्यांना पेटवते. त्याच्या फिटिंगला ग्रीस लावायचं नाही, हे वर्कशॉपवाल्यांना मुद्दाम सांगते.

गोदीकर

डॉक्टरांनी चांगलं सांगितलं. त्याला जोडून: ट्रकच्या बॅटऱ्या आत नकोतच. चार्ज होताना हायड्रोजन सोडतात आणि हवेत तो ४ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. त्यांना बाहेर वेगळ्या डब्यात घाला.

खिडकीसाठी बोर्डवाल्याकडचं अ‍ॅक्रिलिक चालणार नाही. कास्ट अ‍ॅक्रिलिकच हवं, जाडी पीव्हीएचओ-१ या अमेरिकन मानकाप्रमाणे काढायची. त्यात खिडकीचं आयुष्य साधारण १० वर्षं धरतात. आणि ती स्पिरिटने किंवा काच पुसायच्या स्प्रेने पुसायची नाही, बारीक चिरा पडतात.

तळाला एक वजन असं बांधा की आतून हाताने, विजेशिवाय, सोडता येईल. ते सोडलं की बुडण्यासाठी पाणी घ्यायच्या टाक्या भरलेल्या असतानाही पाणबुडी वर आलीच पाहिजे. ही एक गोष्ट नसेल तर वेल्ड करू नका.

उजनीकाठ

आमचं गाव करमाळ्याकडच्या बाजूला, फुगवट्यावर. दोन गोष्टी सांगतो.

पहिली, खाली दिसणार काय? पुण्याचं सगळं पाणी भीमेतून इथे येतं. हिरवं-काळं, हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत. आणि खाली बुडालेली झाडं, जुन्या गावांच्या भिंती, आणि जाळी. नायलॉनची जाळी पंख्यात गुंडाळली की गोदीकर म्हणतात ते वजन सोडून काय उपयोग? ते गाळात जाईल, तुम्ही जाळ्यात.

दुसरी, वारा. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशीची बोट वादळात उलटली, सहा जण गेले. पाणबुडी वर तरंगत असताना झाकण पाण्यापासून वीतभरच वर असणार. झाकण उघडं आणि एक लाट आत, संपलं. परवानगी जलसंपदा खात्याची लागेल, ती मला नाही वाटत मिळेल असं.

पॅनवाला मामा

सगळ्यांचे आभार. भाच्याला हा धागा समोर बसवून वाचायला लावला. रिंगांवर वाद घातला नाही. जाळ्यांवर गप्प बसला. झाकणाचा हिशोब मीच त्याला करायला लावला: ५५ सेंमीच्या झाकणावर ५ मीटर खोलीला जवळजवळ १,२०० किलो. आतून ढकलून कुणी उघडत नाही. उघडायचं तर आत पाणी घेऊन दाब सारखा करायचा, आणि १० मीटरवर तोवर अर्धी टाकी भरलेली असते. हे ऐकून त्याची आई उठून आत गेली.

तूर्त असं ठरतंय. माणूस बसणारी पाणबुडी या वर्षी नाही. प्रोजेक्टसाठी एक पंचमांश मॉडेल: २४० मिमी व्यास, १.२ मिमी पत्रा, ६०० मिमी लांब. व्यासाला जाडीचं आणि लांबीचं प्रमाण तेच ठेवलं तर चेपायचा दाबही तोच यायला हवा. एक बिनरिंगांचं, एक रिंगांचं, एक मुद्दाम पोच मारलेलं. १२ इंची पाइपात ठेवायचं, दोन्हीकडे ब्लाइंड फ्लँज (बोल्टने बसणारी बंद झाकणं), पाणी भरून हवा पूर्ण काढायची आणि हायड्रो टेस्टच्या (पाण्याच्या दाबाने टाकी तपासायच्या) पंपाने दाब चढवत न्यायचा. पंप माझ्याकडे आहेच. गोदीकर म्हणतात ते ३.८ किलो खरं निघतं का, ते कळेल.

पाण्याखाली काहीतरी चालवायची हौस आहेच, तर पीव्हीसी पाइपचा कॅमेरावाला रोबोट कर म्हटलंय, बिल्ज पंपाच्या (होडीतलं पाणी उपसायचा छोटा पंप) मोटरींवर. तोंड वाकडं केलं, पण मोटरींचे भाव काढून आला.

आता गोदीकरांना एकच विचारायचंय. १.२ मिमी पत्र्याला उभा जोड टिग वेल्डने मारला तर ओढ येऊन गोलाई बिघडणारच. मग मॉडेल चेपलं ते आकारामुळे की माझ्या वेल्डमुळे, हे कसं ओळखायचं? आधी आतून डायल गेज लावून गोलाई मोजून ठेवली तर पुरेल का, की बिनजोडाचा पाइपच लेथवर टर्न करून घेऊ?