ग्राफिक्स कार्डाआधी हार्ड डिस्क बदलावी

कोपरखैरणे येथील आपल्या घरच्या चौथ्या पिढीच्या कोअर आय-फाइव्ह (इंटेलचा जुना प्रोसेसर) संगणकाला सुरू होण्यासच चार-पाच मिनिटे लागतात, म्हणून नवे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरील चित्रे तयार करणारा भाग) बसवावे, असा सल्ला आपल्याला दिला गेला आहे. मला हा सल्ला पटत नाही. मुलीचा अभ्यास आणि घरचे हिशेब एवढाच वापर असेल, तर खरी अडचण बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कची आहे, कारण विखुरलेल्या लहान फाइली वाचताना तिच्या मुंडीला दर वेळी जागा बदलावी लागते आणि त्यात काही मिलिसेकंद जातात, तर एसएसडीमध्ये (चिपांवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये) हलणारा भागच नसतो. २.५ इंची साटा (डिस्क जोडण्याची जुनी, सर्वत्र चालणारी पद्धत) एसएसडी घ्यावी. त्या काळच्या बहुतेक मदरबोर्डांवर (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डांवर) एनव्हीएमई या अधिक वेगवान जोडणीची सोय नाही. साटाचा सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटचा वेग घरगुती कामाला भरपूर आहे.

रॅम (चालू कामाची तात्पुरती स्मृती) ४ जीबी असल्यास ८ करावी, परंतु मदरबोर्ड डीडीआर३ या जुन्या प्रकारच्या रॅमचा असल्यास डीडीआर३ रॅमच घ्यावी. नंतरच्या डीडीआर४ रॅमची खाच वेगळ्या जागी असल्याने ती बसतच नाही. वाशीला किंवा ठाण्याला खरेदीस जाताना रॅमची जुनी पट्टी सोबत न्यावी.

याहून अधिक खर्च मात्र करू नये. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारत नाही, त्यामुळे एसएसडीवर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणक प्रणाली) बसवण्याचा विचार अवश्य व्हावा. जुन्या डिस्कवर घरच्या छायाचित्रांची एकमेव प्रत ठेवू नये, ही कळकळीची विनंती.