'द वॉल': सिनेमा की दीड तासाची रड?

रात्रीचा_कावळा: काल इथे एकाने ठोकून दिलं की 'द वॉल' बघितला नसेल तर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडबद्दल बोलूच नये. का बरं? १९७९चा अल्बम आहे ना, तो ऐका की. १९८२ला अ‍ॅलन पार्करने सिनेमा काढला, संवाद जवळजवळ नाहीतच, हिरो झालेला गायक बॉब गेल्डॉफ हॉटेलात टीव्हीसमोर सुन्न बसतो, मग खोली फोडतो, मग भुवया भादरतो. गडगंज रॉकस्टारचं दुःख! वर 'हे यू' हे गाणं शूट करून कापलं, ते तर माफच नाही.

सुमेधा_प: आणि बाप? हे सगळं लिहिणारा बँडचा रॉजर वॉटर्स पाच महिन्यांचा असताना त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात, इटलीतल्या आंझिओच्या लढाईत गेले. सिनेमात हिरो लहान असतानाचं ते पोरगं बापाचा युनिफॉर्म घालून आरशात बघतं ना, तिथलं 'व्हेन द टायगर्स ब्रोक फ्री' मूळ अल्बमवर नाहीच. ते कुठे ऐकणार होतात?

खडू_फळा: माझं दुखणं वेगळंय. दरवेळी मास्तरच राक्षस का? पोरं मुखवटे घालून रांगेत, आणि थेट खिमा मशीनमध्ये! आम्ही उभा जन्म खडू झिजवला तो यासाठी?

रात्रीचा_कावळा: सर, आमचे गणिताचे मास्तर डस्टर फेकून मारायचे. नेम चुकला तर मागच्याला लागायचं. मला खिमा मशीन अजिबात खोटं वाटलं नाही.

खडू_फळा: म्हणून सगळे एका माळेत? साठ पोरांचा वर्ग, वर जनगणना, वर निवडणूक ड्युटी, करून बघा एकदा.

सुमेधा_प: डस्टर मारा असं जनगणनेच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं का?

खडू_फळा: ताई, जरा जपून बोला.

बेसूर_बंड्या: अहो सिनेमाच मास्तरची बाजू घेतो की! घरी तो तोंडातून काढलेला मांसाचा चिवट तुकडा बायकोच्या धाकाने परत खातो, आणि लगेच पोराला पट्ट्याने झोडतो. वरून खाली असंच येतं ते.

सुमेधा_प: म्हणजे शेवटी खापर बायकोवर. वा रे वा. हिरोची आई गुदमरवणारी, बायको बदफैली, चित्रकार जेराल्ड स्कार्फच्या अ‍ॅनिमेशनमध्ये फूलसुद्धा फुलाला गिळतं. सिनेमा मला आवडतो, पण हे खुपतंच.

रात्रीचा_कावळा: घ्या, तुम्हीच बोललात! बरं, ती फुलं आणि हातोड्यांची परेड, एवढी दहा मिनिटं तुमची. आणि सर, डस्टरवाल्यांची वकिली तेवढी नको.

खडू_फळा: वकिली नाही केली. जनगणना सांगितली.