मदत हवी आहे : आतलं प्लास्टर आधी की खिडक्या?

२०० मिमी एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचं बांधकाम पूर्ण, वरच्या स्लॅबचं क्युरिंग संपलंय. ठेकेदाराला लगेच आतलं प्लास्टर सुरू करायचंय, खिडक्या मागाहून. गच्चीवर ५० मिमी एक्सपीएस (उष्णता अडवणारे दाट फोमचे बोर्ड) घालायचं आहे, ते वॉटरप्रूफिंगच्या वर की खाली? आणि हवागळतीची ब्लोअर डोअर चाचणी (दारात पंखा लावून गळती मोजतात ती) नेमकी कधी करायची? घर कमी विजेत गार-उबदार राहावं म्हणून हा सगळा खटाटोप आहे, त्यामुळे क्रम चुकायला नको.

प्रतिसाद १

प्लास्टर थांबवा. आधी खिडक्यांच्या चौकटी आणि कंड्युट (वायरिंगचे पाइप), मगच प्लास्टर. ब्लॉकच्या भिंतीत सांध्यांमधून हवा जाते. ती अडवतं ते आतलं प्लास्टर. चौकट मागाहून बसवली की कडेची फट नुसत्या सिलिकॉनवर सोडावी लागते, आणि ते काही वर्षांत सुटतं.

चौकटीभोवती १० ते १५ मिमी फट ठेवून फोम भरा. पण फोम म्हणजे हवाबंद सांधा नव्हे. आतून प्लास्टर धरणारी जाळी असलेली हवाबंद टेप लावा : एक कड चौकटीला, दुसरी भिंतीवर, म्हणजे ती प्लास्टरमध्ये गाडली जाते. बाहेरची टेप पाऊस अडवणारी पण वाफ बाहेर सोडणारी हवी, नाहीतर फटीत ओल कोंडते.

कंड्युटसाठीच्या झिऱ्या (खाचा) कटरनेच मारा, छिन्नी-हातोड्याने ब्लॉक फुटतो. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको, आडवी एक षष्ठांशापेक्षा. स्विचबॉक्स ओल्या मसाल्यात दाबून बसवा आणि बाहेर जाणाऱ्या कंड्युटची तोंडं बंद करा, कारण हवा पाइपातूनही आत येते. कॉलम-बीम आणि ब्लॉकच्या सांध्यावर दोन्ही बाजूंना १५० मिमी जाळी लावा, नाहीतर तिथेच चीर पडते.

सगळ्यात जास्त चुकतं ते हे : फॉल्स सीलिंगच्या वर, ओट्याच्या मागे, जिन्याच्या कडेला गवंडी प्लास्टर सोडून देतात. ते फरशीपासून स्लॅबपर्यंत सलग हवं.

प्रतिसाद २

गच्चीचं सांगतो. एक्सपीएस वॉटरप्रूफिंगच्या वर. त्यामुळे खालचा थर उन्हापासून आणि तापमानाच्या चढउतारापासून वाचतो. सोलर आणि पाण्याच्या पाइपांचे स्लीव्ह आधी, मग उतार, मग वॉटरप्रूफिंग. पाणी ४८ तास साठवून ठेवायची चाचणी बोर्ड टाकण्यापूर्वीच उरका; नंतर पाणी भरलं तर बोर्ड तरंगतात. मग बोर्ड सांधेमोड करून, वर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारं कापड), त्यावर कोबा किंवा फरशी. स्वस्त पडतो म्हणून थर्माकोल घेऊ नका, तो या जागी पाणी धरतो. पॅरापेटच्या आतल्या बाजूलाही बोर्ड चढवा, नाहीतर उष्णता तिथून स्लॅबमध्ये उतरते.

प्रश्नकर्ता

धन्यवाद. चौकटी आधी, हे ठरलं. चाचणीचं राहिलं.

प्रतिसाद १

प्लास्टर, काचा आणि बाहेरची दारं झाली की, पण फॉल्स सीलिंग आणि कपाटांच्या आधी. गळती तेव्हाच हाताला सापडते आणि बुजवता येते. चाचणीपूर्वी नहाणी ट्रॅपमध्ये पाणी भरा, एक्झॉस्टची भोकं टेपने बंद करा. ५० पास्कल दाबफरकावर धूर सोडून चौकटी, स्विचबॉक्स, पाइपांच्या कडा तपासा. पॅसिव्ह हाऊस या कमी ऊर्जेच्या घरांच्या मानकाची मर्यादा याच दाबाला तासाला ०.६ हवाबदल आहे, म्हणजे घरातली हवा तासात ०.६ वेळाच बदलावी. तिच्या जवळपास गेलात तर उष्णता परत मिळवणारं व्हेंटिलेशन लागेल. त्याच्या डक्टची भोकं मात्र प्लास्टरच्या आधीच कोअर कटरने पाडून घ्या.